डबीत नसलेला शिपाई

कंगवा आणि शिपाई यांचा काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचं नाव सांगतो. निकोलस कोव्ह हा हंगेरीतून इंग्लंडला आलेला एक ज्यू निर्वासित. त्यानं १९३९ साली ही कंपनी काढली. सुरुवातीला ती हवा भरून फुगवायची रबरी खेळणी करत असे. दुसरं महायुद्ध संपल्यावर कोव्हनं एक यंत्र आणलं. वितळलेलं प्लास्टिक जोराच्या दाबानं पोलादी साच्यात भरायचं, निवलं की साचा उघडायचा, असं ते यंत्र. त्यावर कंगवे निघू लागले आणि थोड्याच काळात कंपनी ब्रिटनमधली सर्वांत मोठी कंगवे करणारी कंपनी झाली. मग त्याच यंत्रावर खेळण्यातला ट्रॅक्टर आला, जहाज आलं, विमानं आली आणि १९५९ सालापासून शिपाई आले. कंगव्याचा दात आणि शिपायाची बंदूक करायची कृती एकच आहे.

हे शिपाई जेमतेम इंचभर उंचीचे. खेळण्यातल्या आगगाडीच्या मापाला शोभतील असे केलेले. एका लहानशा डबीत पन्नासच्या आसपास यायचे. कुणी गुडघ्यावर बसून नेम धरतोय, कुणी पळतोय, कुणी पालथा पडलाय. दहा-पंधरा तऱ्हा आणि त्याच पुन्हा पुन्हा. पहिली डबी राजवाड्यावरच्या गार्डांच्या बँडची होती. पुढे काउबॉय आले, रोमन आले, रॉबिन हूड आला, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दोन्ही बाजू आल्या, दोन्ही महायुद्धांतले ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन आले. ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीचा खाऊचा पैसा या डब्यांवर गेला.

त्याआधी शिपाई शिशाचे असत. विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधल्या कारखान्यानं १८९३ साली आतून पोकळ शिपाई ओतायची युक्ती काढली. शिसं कमी लागायचं, वजन घटायचं, किंमतही घटायची. एच. जी. वेल्स हा विज्ञानकथा लिहिणारा लेखक मित्रांना जमवून याच शिपायांशी जमिनीवर पालथा पडून खेळायचा. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी खुंटी उडवायची आणि समोरचे शिपाई पाडायचे. १९१३ साली त्यानं या खेळाच्या नियमांचं पुस्तकच लिहिलं, 'लिटल वॉर्स' नावाचं. मोठ्या लढाया लढण्यापेक्षा माणसांनी या छोट्या लढाव्यात, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. शिसं विषारी असल्याचं सरकारला पटायला मात्र साठचं दशक उजाडावं लागलं. ब्रिटन कंपनीनं १९६६ साली शिशाचे शिपाई बंद केले, १९६७ साली खेळण्यांतल्या शिशावर कायद्यानं बंधनं आली आणि प्लास्टिकला रान मोकळं झालं.

आता मुद्द्याकडे येतो. पोलादी साचा करणं हे भारी खर्चाचं काम. एकदा साचा केला की हजारो डब्या खपल्या पाहिजेत, नाहीतर कंपनी बुडते. त्यामुळे कुणाचा साचा करायचा, हे इतिहास ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. ज्याला खप आहे त्याला साचा. आणि ज्यांना साचा मिळाला नाही त्यांच्यासाठी लोकांनी हातात ब्लेड घेतलं. एका डबीतल्या शिपायाचं मुंडकं काढून दुसऱ्या डबीतल्या धडावर बसवायचं, टोपी तासायची, बंदुकीचा भाला करायचा, कागदाचा झगा घालायचा. असा कारखान्यानं न केलेला शिपाई घरात करायचा. १९६० साली 'एअरफिक्स मॅगझिन' सुरू झालं आणि त्यात अशा कृती येऊ लागल्या. आपल्याकडे मासिकांत पाककृती येतात ना, तसंच. अमुक डबीतला अमुक शिपाई घ्या, त्याचा डावा हात कापा, वगैरे.

या प्रकाराला इंग्रजीत कन्व्हर्जन म्हणतात. मराठी वर्तमानपत्रांत या शब्दाला हल्ली एकच अर्थ उरला आहे आणि माझ्या नावाच्या माणसानं 'मी फावल्या वेळात कन्व्हर्जन करतो' असं रेडिओवर सांगणं बरं दिसणार नाही. म्हणून मी आपला कायापालट म्हणतो. शिपायांची तक्रार नाही.

मी या छंदात पडलो तो माझ्या मामूंमुळे. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत कुणी ना कुणी बोटीवर असतोच. मामूही बोटीवर होते. १९७९ साली इंग्लंडच्या एका बंदरात उतरले असताना दुकानात त्यांना एक डबी दिसली. वर लिहिलेलं, 'इंडियन्स'. मामूंना इंग्रजी अक्षरं लागायची. परमुलखात आपल्या शिपायांची डबी मिळाली म्हणून ते हरखले आणि ती घेऊन आले. घरी डबी उघडली तर आतून डोक्याला पिसं लावलेले, हातात कुऱ्हाडी घेतलेले अमेरिकेतले मूलनिवासी निघाले. कोलंबसाच्या चुकीनं पाचशे वर्षांत आणखी एक गिऱ्हाईक फसवलं. मामू दुसऱ्या खेपेला आणखी एक डबी घेऊन आले, ती आठव्या आर्मीची. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रोमेलशी लढलेली ब्रिटिशांची ही फौज. 'यात तरी असतील बघ,' म्हणाले. पण त्यातही नव्हते. सगळे हाफपँटीतले गोरे शिपाई.

मामूंचा हिशेब मात्र बरोबर होता. आठव्या आर्मीत हिंदुस्थानी पलटणी भरपूर होत्या. चौथी इंडियन डिव्हिजन तर त्या वाळवंटात सुरुवातीपासून होती. दुसऱ्या मराठा बटालियनचे जवान जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसं होती आणि त्यातला प्रत्येक जण स्वतः भरती झालेला होता. पुढे गुरख्यांचे संच निघाले, कारण गुरखा आणि त्याची कुकरी यांचं विलायतेत कौतुक फार. पण त्या आठव्या आर्मीच्या डबीत पगडीवाला एकही नव्हता. अरब मात्र वेगळ्या डबीत मिळत, फ्रेंचांच्या फॉरेन लीजनला लढायला कुणीतरी हवं म्हणून. बहुतेकांच्या हातात वाकडी तलवार नाहीतर लांब नळीची बंदूक.

आता हे करतात कसं, ते सांगतो. कारण गंमत तिथे आहे.

हे मऊ शिपाई पॉलिथिनचे असतात. म्हणजे आपली दुधाची पिशवी ज्या जातीच्या प्लास्टिकची, त्याच जातीचे. हात लावून पाहिलंत तर किंचित मेणचट लागतात. या प्लास्टिकचा स्वभाव असा की त्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. फेव्हिकॉल लावा, फेव्हिक्विक लावा, सकाळी सगळं सुटून हातात. विमानांच्या मॉडेलसाठी जे कडक प्लास्टिक वापरतात ते पॉलिस्टायरिन. त्याचा डिंक त्या प्लास्टिकला किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. पॉलिथिनवर तो डिंक नुसता वाळून पापडी होते. म्हणून मऊ शिपायाची शस्त्रक्रिया डिंकावर नाही, टाचणीवर चालते.

आधी शिपाई भांड्याच्या साबणानं धुवायचा. साचा सहज सुटावा म्हणून कारखान्यात जे तेलकट लावतात ते अंगावर राहिलेलं असतं, ते जायला हवं. बंदूक वाकलेली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात धरायची. मग लाकडाच्या फळीवर आडवा ठेवून नव्या ब्लेडनं मान एका दाबात कापायची. करवतीसारखं मागंपुढं केलं तर कड दातेरी होते आणि मग मुंडकं कधीच नीट बसत नाही. टाचणीचं डोकं पक्कडीनं तोडायचं. टाचणी मेणबत्तीवर क्षणभर धरून धडाच्या मानेत निम्मी रोवायची. ती निवली की वर नवं मुंडकं दाबायचं. झालं. वर आणखी एक सोय अशी, की टाचणीवर बसलेलं मुंडकं फिरवता येतं. एकाच साच्यातले दहा शिपाई दहा दिशांना बघू लागतात आणि एकदम माणसं वाटायला लागतात. मला विचाराल तर नवशिक्यानं एवढंच करावं. चाकू चालवायच्या हौसेपोटी पहिल्याच दिवशी घोडेस्वार कापायला घेऊ नये.

सांधा उरतो तो गरम सुईच्या टोकानं सारवून घ्यायचा. सुई लाल होऊ द्यायची नाही. हे प्लास्टिक पाणी उकळतं त्याच्या थोड्या वरच्या उष्णतेलाच वितळतं. सुई जास्त तापली तर खांदा ओघळतो, घरभर वास सुटतो आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते. खिडकी उघडी ठेवूनच हे काम करावं.

पट्टे, झगे, खोगिरावरची वळकटी यांसाठी विलायतेतले लोक पूर्वी टूथपेस्टची रिकामी धातूची ट्यूब कापून वापरत. आता टूथपेस्टच्या ट्यूबा प्लास्टिकच्या झाल्या, पण काही मलमं अजून ॲल्युमिनियमच्या ट्यूबेत येतात. मी औषधाच्या दुकानात मलम घेताना ट्यूब दाबून बघतो, दुकानदाराला वाटतं मी फार चिकित्सक आहे. भाल्याला जाड ब्रशचा केस चालतो. अंगावर काही भर घालायची असेल तर एम-सील. ज्यानं आपण गळका नळ बंद करतो तेच. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळायच्या आणि घट्ट व्हायच्या आत सुईनं आकार द्यायचा. तेही पॉलिथिनला धरत नाही, म्हणून आधी तिथे सुईनं खड्डे पाडायचे किंवा टाचणीचं टोक बाहेर ठेवायचं, म्हणजे एम-सीलला पकडायला काहीतरी मिळतं. सगळं झालं की पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात द्यायचा. इथे तो चिकटवायला नसतो. तो शिपायाभोवती कातडीसारखा आवळून बसतो आणि त्यावर रंग टिकतो. जुने लोक थेट तेलकट इनॅमल रंग लावायचे. तो वाळून कडक व्हायचा आणि बंदूक जरा वाकली की कपचे उडायचे.

आणि पगडी. पगडी म्हणजे टिशू पेपर. दोन मिलिमीटर रुंदीची पट्टी फाडायची, कापायची नाही, कारण फाटलेली कड मऊ पडते. पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवायची, चिमट्यानं उचलायची आणि तासलेल्या डोक्याभोवती तिरके वेढे द्यायचे. खऱ्या पगडीसारखेच. पट्टी ओली असताना सुईनं चुण्या पाडायच्या. माझे आजोबा फेटा बांधताना एक टोक दारात कुणालातरी धरायला लावत. इथे चिमटा धरायला कुणी मिळत नाही.

इंग्रजांनी हिंदी सैन्यात प्रत्येक जातीजमातीची पगडी वेगळी ठरवून दिली होती. पंजाबी मुसलमान आणि पठाण शिपायांच्या पगडीतून मधोमध एक निमुळती टोपी वर डोकावते, तिला कुलाह म्हणतात. शीखाच्या पगडीत ती नसते. इंचभर शिपायावर कुलाह म्हणजे एम-सीलचा खसखशीएवढा कण. तो सुईच्या टोकावर घेऊन मी कितीदा थांबलो आहे. ठेवला की हा शिपाई मुसलमान, नाही ठेवला की नाही. इतक्या थोड्या ऐवजात धर्म ठरवायचं काम मला आयुष्यात दुसरीकडे कुठे करावं लागलं नाही.

माझं सगळ्यांत मोठं काम म्हणजे कूतचा वेढा. कूत हे इराकमध्ये तैग्रिस नदीच्या काठचं गाव. पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळपास पाच महिने. अखेर अन्न संपलं आणि शरणागती झाली. कैदेत नेताना आणि कैदेत असंख्य माणसं मेली. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. त्या काळच्या मराठा पलटणींत देशावरचे आणि कोकणातले मराठे असत, तसे दख्खनी मुसलमानही असत. पलटणीचं नाव मराठा. समोरचं सैन्य तुर्की सुलतानाचं, म्हणजे खलिफाचं. त्या मुसलमान शिपायाच्या मनात वेढ्यातल्या रात्री काय चाललं असेल, हा विषय एखाद्या कादंबरीएवढा आहे. मी कवी आहे, कादंबरी मला झेपत नाही. म्हणून मी शिपाई केले.

कूतची डबी अर्थातच मिळत नाही. पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश शिपाई मिळतात, पण त्यांच्या डोक्यावर पत्र्याची पसरट टोपी, जी १९१६ सालानंतरच सर्रास दिसू लागली. ती ब्लेडनं तासून डोकं गोल करायचं, मग टिशूची पगडी. हिंदी शिपायाचा खाकी सदरा ब्रिटिश कोटापेक्षा सैल, कुर्त्याच्या वळणाचा. म्हणून कमरेखाली कागदाची पट्टी लावून घेर वाढवायचा. पायाच्या पट्ट्या मूळ साच्यात असतात, तेवढे कष्ट वाचतात. वेढ्यातली उपासमार कशी दाखवायची, हे मात्र पुष्कळ दिवस सुचत नव्हतं. शेवटी गाल सुईनं किंचित आत दाबले आणि सदरा एक माप मोठा केला.

घरात याला विरोध झाला तो अम्मीचा. ज्या खोलीत नमाज पढायची तिथे माणसांच्या प्रतिमा नकोत, असं तिचं म्हणणं. त्यावर मी वाद घातला नाही. कपाटाला पडदा लावला. पण आमच्याकडे एक जुनी आठवण सांगतात, ती मी तिला सांगितली. हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता आणि त्याला कापडाच्या चिंध्यांचे दोन पंख होते. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख कसे? त्या म्हणाल्या, सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे ऐकलं नाही का? आणि पैगंबर हसले. साध्या घोड्याला चिंधीचे पंख लावणं हा कायापालटाचा फार जुना नमुना आहे, असं मी अम्मीला म्हटलं. तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पडदा राहिला, शिपाईही राहिले.

या छंदात दोन पंथ आहेत आणि त्यांचं पटत नाही. जमवणारे आणि कापणारे. जमवणाऱ्याला डबी न उघडलेली लागते, शिपाई जसा आला तसा लागतो. एकदा ब्लेड लागलं की त्याच्या लेखी किंमत शून्य. कापणारा म्हणतो, डबीत नुसते ठेवायला शिपाई कशाला घ्यायचे? मी दोन्ही करतो, पण साठच्या दशकातल्या मूळ डबीला हात लावत नाही. त्याच साच्यांतून पुढे पुन्हा काढलेले शिपाई कापतो. एअरफिक्स १९८१ साली दिवाळ्यात गेली. मग ती या हातातून त्या हातात फिरली आणि २००६ साली खेळण्यातल्या आगगाड्या करणाऱ्या हॉर्नबीकडे गेली. या काळात साचे टिकले, म्हणून जुने शिपाई पुन्हा मिळत राहिले.

पण न कापलेला शिपाईही टिकतोच असं नाही. गच्चीत उन्हात राहिलेली प्लास्टिकची बादली एक दिवस हाताला तुकड्यांनी येते, तसंच इथे होतं. ऊन या प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या तोडतं. मूळ मिश्रण कमअस्सल असेल तर ऊन नसतानाही ते ठिसूळ होतं. आधी बंदुकीची नळी जाते, मग घोट्यापाशी पाय. मामूंनी आणलेल्या पहिल्या डबीतले निम्मे शिपाई असेच गेले. कपाटाच्या पडद्याचा तेवढा उपयोग झाला, असं आता वाटतं. अम्मीच्या कृपेनं बाकीच्यांना ऊन लागलं नाही.

साचा कुणाला मिळतो ही गोष्ट जुन्या काळापुरती नाही. अमेरिकेत हिरव्या प्लास्टिकचे शिपाई घराघरांत असतात. २०१४ साली तिथल्या खेळण्यांच्या राष्ट्रीय संग्रहालयानं त्यांना मानाचं स्थानही दिलं. पण त्यात बाई नव्हती. २०१९ साली अर्कान्सा राज्यातल्या सहा वर्षांच्या एका मुलीनं खेळणी करणाऱ्यांना पत्र लिहिलं, की हिरव्या शिपायांत मुली का नाहीत? बीएमसी टॉइज नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कंपनीनं ते मनावर घेतलं. साच्याचा खर्च होताच. लोकांकडून आगाऊ पैसे जमवले आणि २०२० साली बायकांची तुकडी बाहेर आली. जगभरच्या सैन्यांत बायका किती वर्षांपासून आहेत ते पाहिलं तर साच्याला फारच उशीर झाला. आता तर संगणकावर शिपाई कोरून घरच्या यंत्रावर छापता येतो, नुसती पगडीवाली मुंडकी वेगळी मिळतात. ज्यांना घ्यायची त्यांनी घ्यावीत. माझं टिशूवर भागतं.

गेली दोन वर्षं मी एकच शिपाई करतोय. नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटेच मशीनगनच्या दिशेनं धावले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा गार केला, मग एकाला गोळी घातली. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या. नव्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना मारलं. लगेच दबा धरून बसलेल्या शत्रूच्या गोळीनं तेही पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर किंवा समाधी कुठे नाही, इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर नाव कोरलेलं आहे.

या शिपायाला पगडी नको. इटलीत मराठा जवान लोखंडी टोपी घालून लढत, तीच ब्रिटिश टोपी, तोच गणवेश. म्हणजे आठव्या आर्मीच्या डबीतलं धड जसंच्या तसं चालतं. अडचण हातांची. बंदूक नळीकडून धरून डोक्यावर उगारलेले दोन हात मला हवे होते. पुष्कळ डब्या शोधल्या. अखेर हात सापडले ते मामूंच्या पहिल्या डबीत, कुऱ्हाड उगारलेल्या एका 'इंडियन'चे. तो घोट्यापाशी मोडलेलाच होता, म्हणून मूळ डबीचा माझा नियम मी त्याच्यापुरता सोडला. खांद्यात दोन टाचण्या घातल्या, दोन्ही मुठींत टॉमीगनची नळी बसवली.

मग रंग. हम्ब्रॉल हे विलायतेतल्या मॉडेल करणाऱ्यांच्या घरोघरी असणारं रंगाचं नाव. त्यांच्या ६१ क्रमांकाच्या डबीवर लिहिलेलं असतं, 'फ्लेश', म्हणजे माणसाच्या कातडीचा रंग. झाकण उघडलं की आत गुलाबी. तो घाडग्यांना लावून चालणार नाही. मी तपकिरीत थोडा पिवळा, थोडा लाल आणि अगदी कणभर काळा मिसळतो. कूतच्या पलटणीसाठी केलेलं तेच मिश्रण. एकदा जमलं तेव्हा झाकणबंद बाटलीत भरून ठेवलं होतं.

कूतची ती पलटण गेल्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयात दोन दिवस मांडली होती. शाळेतली मुलं रांगेनं येत होती. एक मुलगा, सातवी-आठवीतला असेल, बाजूला लावलेली माहिती सगळी वाचून पुन्हा टेबलाशी आला. म्हणाला, ''काका, यात मराठे आणि मुसलमान दोन्ही आहेत असं लिहिलंय. मुसलमान कुठले?''

मी त्याच्या हातात भिंग दिलं. मागची मुलं ढकलत होती, तरी तो बराच वेळ शोधत होता.